आधी निचरा, मग पाणी!



जिल्हा मेळाव्याच्या मांडवात सगळ्यांत जोराची घोषणा कोणती होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. 'पाणी द्या!' हीच घोषणा. गेली चाळीस वर्षे आपण ती देत आलो. मीही दिली, घसा बसेपर्यंत दिली. आज मी त्या घोषणेत एक शब्द वाढवा म्हणून उभा आहे. तो शब्द वाढवला नाही तर ज्या पाण्यासाठी आपण लाठ्या खाल्ल्या, तेच पाणी आपली जमीन घेऊन जाईल. कोणाला वाटेल, हा माणूस सरकारला फितूर झाला. जोडे मारायचे असतील तर जरूर मारा, फक्त लेख पुरा वाचून मारा.

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मंजुरी दिली. गोसीखुर्दचे पाणी सुमारे ४२६ किलोमीटर चालत येऊन बुलढाणा जिल्ह्यातल्या नळगंगेला मिळणार. वाटेत अमरावती, अकोला. खर्च ८८ हजार कोटी रुपयांहून अधिक, आणि भिजणारी जमीन ३ लाख ७१ हजार हेक्टर. पाटीवर भागाकार करा. हेक्टरी २३-२४ लाख रुपये होतात. त्यात पिण्याचे पाणी आहे, कारखान्यांचे पाणी आहे, हे मान्य. तरीही माझ्यासारख्या कोरडवाहू माणसाच्या वावराला उभ्या आयुष्यात जी किंमत आली नाही, तिच्या कितीतरी पट पैसा त्या वावरावर पाणी आणण्यात जाणार आहे.

माझा प्रश्न एकच आहे. या ८८ हजार कोटींत वावरातले जादा पाणी बाहेर काढण्यासाठी किती रुपये आहेत? कालवा किती लांब, बोगदा किती, पंप किती अश्वशक्तीचे, हे तोंडपाठ सांगणारे पुढारी आहेत. निचऱ्याचे चर किती किलोमीटर, हे सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

मिठाचा हिशेब

आपण कापसाचा हिशेब क्विंटलात करतो, तसाच मिठाचा करून पाहू. याला प्रयोगशाळा नको, पाचवीतल्या पोराचे गणित पुरते.

एका एकरावर सहा सेंटिमीटर, म्हणजे तीन बोटे पाणी दिले तर ते सुमारे २ लाख ४० हजार लिटर होते. आपल्या बोअरच्या पाण्यात लिटरला सव्वा ग्रॅम मीठ आहे असे धरा. आमच्या पूर्णाकाठी याहून खारे पाणी पुष्कळ ठिकाणी लागते. एका पाळीला वावरात पडलेले मीठ झाले ३ क्विंटल. चार पाळ्या दिल्या, १२ क्विंटल. कोरडवाहू पऱ्हाटीचा एकरी उतारा चार-पाच क्विंटल आला तर आपण पेढे वाटतो. म्हणजे त्या वावरातून जितका कापूस निघाला, त्याच्या दुपटीहून अधिक मीठ आपण आपल्या हाताने त्यात पेरले.

'हे बोअरचे झाले, कालव्याचे पाणी तर गोड असते' असे कोणी म्हणेल. गोड म्हणजे जिभेला गोड. धरणाच्या चांगल्या पाण्यातही लिटरला पाव ग्रॅम क्षार धरायला हरकत नाही. बारमाही उसाला वर्षभरात दोन मीटर पाणी दिले तर एकरी ८० लाख लिटर झाले, आणि क्षार झाले वर्षाला २० क्विंटल. पीक पाणी पिते, क्षार बहुतेक मागेच ठेवते. उन्हाने पाणी उडते, क्षार उडत नाहीत. ते खाली वाहून नाल्याला, नाल्यातून नदीला गेले तर जमीन वाचली. गेले नाहीत तर तिथेच साठतात. पाण्याची पातळी वर आली की केशनळ्यांनी ते वर चढतात आणि एक दिवस सकाळी उसात पांढरी बुरशी दिसावी तशी मिठाची फूट दिसते.

म्हणून पाणी आणणे हे सिंचनाचे अर्धे काम आहे. पाणी बाहेर काढणे हे उरलेले अर्धे. अर्ध्या कामाचे पूर्ण बिल काढणाऱ्या ठेकेदाराला आपण चोर म्हणतो. अर्ध्या सिंचनाचे उद्घाटन करणाऱ्याला मात्र हार घालतो.

नीरेचा धडा कोणी वाचला?

हे काही नवे शास्त्र नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी नीरा नदीवर कालवा काढला. दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचावी हा हेतू. पाणी आले, ऊस आला, आणि विसावे शतक उजाडून फार वर्षे झाली नाहीत तोच बारामतीकडच्या काळ्या जमिनी पाणथळ होऊन मीठ ओकू लागल्या. पाटपाणी आणि शेती यांचा मेळ बसवण्यासाठी मुंबई इलाख्याच्या सरकारला १९१६ साली एक खास सिंचन कक्ष उघडावा लागला. त्याच कक्षातून पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था वाढली. इंग्लिस आणि गोखले या दोघांनी दख्खनच्या या बिघडलेल्या जमिनी चर खणून कशा सुधारायच्या, याचा अहवाल १९२८ साली छापला.

१९२८! शंभर वर्षे व्हायला आली. परका सरकारी इंजिनियर कालवा काढून चुकला, पण चूक कागदावर लिहून गेला. आपल्या इंजिनियरांनी ती वाचली आणि कृष्णाकाठी, वारणाकाठी तीच चूक शंभरपट मोठ्या प्रमाणावर केली. सांगली-कोल्हापूरकडच्या ज्या जमिनींचा आपण कोरडवाहू माणसांनी मनातल्या मनात हेवा केला, त्यांतल्या हजारो एकरांवर आज बाभूळसुद्धा धड वाढत नाही. शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन, बँकेचे कर्ज अंगावर घेऊन, जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून आपल्या जमिनी परत मिळवायला सुरुवात केली, त्यांना माझा दंडवत. पण विचार करा. ऊस पिकवून कमावलेला पैसा तीच जमीन दुरुस्त करण्यात गेला. आणि त्यांच्याजवळ निदान उसाचा पैसा होता. आमच्या पऱ्हाटीत नळ्या टाकण्याइतका पैसा कुठून येणार?

ऊसवाल्यांचे सोडा, कापूसवाल्यांचे पाहा. पंजाबातला मुक्तसरचा पट्टा हा कापसाचा पट्टा. भूजल खारे, अगदी आपल्यासारखे. शेजारून मोठमोठे कालवे गेले, राजस्थानला पाणी नेणारे. कालव्यांचा पाझर आणि पाटपाणी जमिनीखाली साचत गेले. खारे असल्यामुळे उपसून कोणी वापरीना, आणि बाहेर जायला वाट नाही. १९९० च्या दशकात तिथे वावरांत पाणी उभे राहिले. कपाशीची वावरे पाणथळ झाली, पुष्कळांना कापूस सोडून भाताकडे वळावे लागले. राजस्थानात त्याच पाण्याने इंदिरा गांधी कालव्याखाली वाळवंटाची दलदल केली. तिथले लोक तिला 'सेम' म्हणतात. वाळवंटात दलदल! सरकारने मनावर घेतले तर काय होत नाही.

आमची माती वेगळी, रोग जुना

आता आपल्या अंगणात येऊ. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्या मधली पूर्णेची दरी म्हणजे गाळाने भरलेले एक खोल भांडे. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतला हा खारपाणपट्टा. जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ साली सुरू झालेल्या कृषी संजीवनी प्रकल्पात यातली ९३२ गावे क्षारग्रस्त म्हणून वेगळी मोजली गेली. इथले मीठ कालव्याने आणलेले नाही, ते आजोबांच्या आजोबांपासून आहे. म्हणूनच इथल्या शहाण्या शेतकऱ्याने विहिरीचे पाणी कधी पिकाला दिले नाही. पावसाळ्यात वावर चिबडते म्हणून कोणी खरीप सोडून दिला, ओल धरून रबीला हरभरा, करडी, ज्वारी घेतली. आडाणी म्हणून हिणवलेल्या या माणसाला मातीचे शास्त्र इंजिनियरापेक्षा जास्त कळत होते.

आपली काळी माती ही नुसती खारट नाही, ती चोपण होते. यातला फरक समजून घ्या, कारण फसवणूक नेमकी इथेच होते. चिकणमातीचे बारीक कण चुन्यातल्या कॅल्शियमने एकमेकांना धरून राहतात. म्हणून ढेकूळ फुटते, भेगा पडतात, मुळांना हवा मिळते. कॅल्शियमच्या जागी मिठातला सोडियम बसला की कणांची मिठी सुटते. पाऊस पडताच माती लापशी होते, वाळली की दगड होते. पाणी खाली जात नाही, हवा आत जात नाही. पऱ्हाटी आणि ज्वारी ही दोन्ही मीठ सोसणारी पिके आहेत. ती मिठाने मरत नाहीत, गुदमरून मरतात.

माझाच अनुभव सांगतो. पावसाने दगा दिलेल्या एका वर्षी मी बोअर घेतले. पाणी खारे लागले, पण लागले हेच खूप म्हणून हरभऱ्याला दोन पाळ्या दिल्या. हरभरा बरा झाला. दुसऱ्या वर्षी पुन्हा दिले. खारे पाणी असेपर्यंत जमीन ठीक दिसते, हा त्यातला दगा. तिसऱ्या वर्षी मृगाच्या स्वच्छ पावसाने वरचे मीठ धुतले, सोडियम मातीला चिकटून राहिला, आणि वावर बसले. आषाढात आठ-आठ दिवस पाणी उभे. पऱ्हाटी पिवळी पडून लाल झाली. वखराला ढेकूळ फुटेना. शेजारच्या म्हाताऱ्याने धुऱ्यावरून पाहिले आणि म्हणाला, "वावर मेलं नाही गा, त्याचा जीव कोंडला."

मी मातीचा नमुना घेऊन एका सरकारी प्रयोगशाळेत गेलो. कार्ड मिळाले. नत्र कमी, स्फुरद मध्यम, पालाश भरपूर. जमीन 'सर्वसाधारण'. मी म्हटले, साहेब, वावरात पाणी मुरत नाही. साहेब म्हणाले, कार्डावर तसे काही नाही.

कार्डावर कसे असणार? २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी मोजतात. सामू आहे, क्षारता आहे, जस्त आहे, बोरॉन आहे. मातीला चिकटलेला सोडियम त्या बारांत नाही. आणि नमुना घेतात वरच्या वीतभर मातीचा. आपला रोग दोन-तीन फूट खाली. पोटात दुखते म्हणून गेलेल्या माणसाचे डोके तपासून 'तब्येत ठणठणीत' म्हणण्यातला हा प्रकार.

बरे, सोडियम मोजला तरी पट्टी कोणाची? पुस्तकात मर्यादा आहे शेकडा १५ ची. ती अमेरिकेच्या खारवट जमिनींच्या प्रयोगशाळेने १९५४ साली घालून दिली. आपल्या नागपूरच्या मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पूर्णा खोऱ्यातल्या मातीचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध केला. या फुगणाऱ्या-आकसणाऱ्या काळ्या मातीत सोडियम शेकडा ५ च्या पुढे गेला की निचरा ढासळू लागतो, हे त्यांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी दाखवून दिले. म्हणजे ज्या जमिनीला पुस्तक 'निरोगी' म्हणते, ती आमच्याकडे अंथरुणाला खिळलेली असते. अशा मातीवर तुम्ही बारमाही पाणी सोडणार, आणि तेही निचऱ्याशिवाय?

कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संस्थेच्या हिशेबाने महाराष्ट्रात सहा लाख हेक्टरहून अधिक जमीन क्षारबाधित आहे, आणि त्यातली ४ लाख २२ हजार हेक्टर चोपण आहे. म्हणजे दोन तृतीयांशांहून जास्त जमीन मीठ धुऊन सुधारणारी नाही. तिला कॅल्शियम लागतो, जिप्सम लागतो, आणि सुटलेला सोडियम बाहेर न्यायला चर लागतो. चराशिवाय टाकलेला जिप्सम म्हणजे मोरी तुंबलेल्या घरात साबण वाटण्यासारखे आहे.

म्हणे, शेतकरी पाणी जास्त देतो

जमीन बिघडली की साहेब लोकांचे उत्तर ठरलेले असते. 'शेतकरी अडाणी, पाणी वाटेल तसे देतो.' हे खरे आहे का? अर्धे खरे आहे, आणि ते अर्धे आपण कबूल करू. पाणी दिसले की आपण बांध फुटेस्तोवर देतो. पण का देतो?

पाळी कधी येणार याचा भरवसा नाही म्हणून देतो. पंधरा दिवसांनी पाणी नक्की येईल हे माहीत असलेला माणूस तहानेपुरते पितो. पुढचे पाणी कधी मिळेल हे माहीत नसलेला उंटासारखा पितो. पाणीपट्टी पाण्याच्या मापावर घेतली तर माणूस मापाने वापरेल. ती एकरावर आणि पिकावर घेतली तर एका पाळीला एक बोट घ्या की चार बोटे, पैसा तोच. पाणी मोजून पाणी वापर संस्थेला देण्याचा कायदा २००५ साली झाला. कायदा झाला, पण मोजमाप किती चाऱ्यांवर सुरू आहे, ते ज्याने त्याने आपल्या चारीवर जाऊन पाहावे. शेपटाला पाणी पोचत नाही आणि तोंडाला चिखल होतो, हा शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा दोष नाही. दोष व्यवस्थेचा आहे. चूक व्यवस्थेची, जमीन मात्र माझी जाते. कालवा चुकला म्हणून कोणा इंजिनियराची जमीन चोपण झाल्याचे मी ऐकले नाही.

आणि घोषणा करणाऱ्यांचा भरवसा काय? पूर्णेवरचा जिगाव प्रकल्प नव्वदच्या दशकातला. शेकड्यांत असलेला खर्च हजारो कोटींवर गेला, एक पिढी म्हातारी झाली, काम अजून पुरे झालेले नाही. ज्यांना तीस वर्षांत पाणी आणता आले नाही, ते 'निचऱ्याचे नंतर बघू' म्हणतात तेव्हा ते 'नंतर' आपल्या नातवंडांच्या नशिबी येणार हे समजून घ्या.

आभाळाचे पाणी बिनमिठाचे

मग कोरडवाहू माणसाने हात जोडून बसावे का? मुळीच नाही. खारपाणपट्ट्यात भरवशाचे गोड पाणी एकच, पावसाचे. एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर चार हजार लिटर पाणी ओततो. साडेसातशे मिलिमीटर पावसात एकरी ३० लाख लिटर. त्यातले कितीतरी आपल्या डोळ्यांदेखत माती घेऊन नाल्याला जाते.

तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल आणि उतरत्या काठांचे शेततळे सुमारे २० लाख लिटर पाणी धरते. आणि इथे आपल्या मातीचा दोषच गुण होतो. जी माती पाणी मुरू देत नाही, ती तळ्याला प्लास्टिकशिवाय पाणी धरून ठेवते. अर्धे पाणी उडाले-मुरले म्हणा. उरलेल्यात पाच एकरांना पाच सेंटिमीटरची एक पाळी बसते. बोंड भरताना किंवा ज्वारी पोटरीत असताना ही एक पाळी तुषार सिंचनाने मिळाली तर ती कालव्याच्या आठ बेभरवशाच्या पाळ्यांहून मोलाची. मीठ नाही, पाणथळ नाही, पाटकऱ्याच्या हातापाया पडणे नाही.

ज्या चराने पावसाळ्यात वावराचा जीव मोकळा होतो, तोच चर ते पाणी तळ्याला नेतो. निचरा आणि साठवण ही एकाच कामाची दोन टोके आहेत. रुंद वरंबा-सरीवर पेरणी, धुऱ्याला चर, ताग नाही तर धैंचा फुलोऱ्याआधी गाडणे, शेणखत, आणि चोपण वावराला जिप्सम. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने हेक्टरी अडीच टन जिप्समचे प्रयोग केले आहेत. म्हणजे एकरी १० क्विंटल. हे मी घरचे सांगत नाही, यातले बहुतेक सरकारच्याच पुस्तिकांत छापलेले आहे. पुस्तिका फुकट मिळते, जिप्सम वेळेवर मिळत नाही.

एक गोष्ट मात्र एकट्याने होत नाही. माझ्या वावराचा चर तुझ्या वावरातून जाणार, तुझा गावनाल्याला मिळणार, आणि नाला गाळाने बुजलेला, वर रस्त्याची मोरी अरुंद. निचरा हे गावाचे काम आहे. धुऱ्यावरून कोर्टात जाणारे आपण चरासाठी एकत्र बसणार का? सरकारला शिव्या देणे सोपे आहे. हा प्रश्न घरी जाऊन स्वतःला विचारा.

मेळाव्यात हात वर करायचे ठराव

१. खारपाणपट्ट्यात आणि काळ्या भारी जमिनीत कोणत्याही प्रकल्पाचे पाणी सोडण्याआधी निचऱ्याचा आराखडा गावसभेत मांडावा. चर आणि नाले खणून झाल्याशिवाय पाणी सोडू नये. त्याचा खर्च प्रकल्पाच्या खर्चातच धरावा.

२. माती तपासणीत सोडियम मोजावा, नमुना तीन फुटांपर्यंतचा घ्यावा, आणि पट्टी आपल्या मातीची लावावी.

३. कालव्याने बिघडलेल्या जमिनीच्या दुरुस्तीचा खर्च पाणी सोडणाऱ्या खात्याने सोसावा. जमीन दुरुस्त होईपर्यंत पाणीपट्टी माफ असावी.

४. पाणी मोजून द्यावे आणि पाळीची तारीख हंगामाआधी लेखी द्यावी.

५. खारपाणपट्ट्यात कालव्याच्या पाण्यावर पहिला हक्क कापूस, ज्वारी, तूर, हरभरा यांच्या एक-दोन संरक्षित पाळ्यांचा असावा. बारमाही पिकांना परवाना देऊ नये.

पाचवा ठराव काहींना टोचेल. पाणी आले की आपल्यालाही ऊस लावायचा आहे, हे मला माहीत आहे. चाळीस वर्षे दुसऱ्याचा ऊस पाहिला, आता आपला का नको? लावा. पण लावण्याआधी एक दिवस एसटीत बसा, कृष्णाकाठी उतरा, आणि ज्या वावराचा पूर्वी हेवा वाटत होता त्या वावरातली मूठभर माती जिभेला लावून पाहा.

मेळाव्यात 'पाणी द्या' ही घोषणा होईल तेव्हा मीही हात वर करीन. फक्त माझी घोषणा थोडी लांब असेल: आधी निचरा द्या, मग पाणी द्या!